साखरेची पक्की वही

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी माझ्याच तोंडानं सांगू नये, पण पुढे जे झालं ते त्या अक्षरामुळेच झालं, म्हणून आधी सांगून टाकते.

शाळा माझी चौथीत सुटली, तीही वर्ध्याकडे. लग्न होऊन पुण्यात आले. येरवड्यात टेकडीच्या अंगाला आमची वस्ती. तिथे एका संस्थेची बालवाडी होती, तिच्यात मी मदतनीस म्हणून लागले. काम म्हणजे खिचडी शिजवायची आणि पोरांची नाकं पुसायची. पण बालवाडीच्या बाईंचं अक्षर असं, की लिहिलेलं त्यांचं त्यांनाच दुसऱ्या दिवशी लागत नसे. एकदा त्या आजारी पडल्या तेव्हा रजिस्टर मी लिहिलं. तपासणीला येणाऱ्या मॅडमनी विचारलं, "हे कुणी लिहिलंय? यापुढे यांनीच लिहायचं." झालं! तेव्हापासून खिचडीही माझी आणि रजिस्टरही माझं.

बालवाडीत वह्या दोन असत. कच्ची आणि पक्की. मुलांची वजनं केली की शिसपेन्सिलीनं कच्च्या वहीत टिपायची. महिनाअखेरीला मॅडम यायच्या आत पक्क्या रजिस्टरात शाईनं उतरवायची. आता पोरांची वजनं काय नेहमी वाढतात होय? कुणाला जुलाब, कुणाला गोवर. पण एखाद्याचं वजन उतरलेलं दिसलं की मॅडम भुवया वर करायच्या, "काय करता हो तुम्ही दिवसभर?" मग बाई आणि मी पक्क्या वहीत उतरवताना पाव किलो, अर्धा किलो हात सैल सोडायचो. त्यात काही खोटं करतोय असं वाटायचंच नाही. पाहुणे यायच्या आधी पोराचं तोंड पुसतो ना, तसं वाटायचं. अशी कितीतरी वर्षं गेली.

नातीला साखर निघाली ती सात वर्षांची असताना. आमच्यात कुणाला ठाऊक होतं, लहान मुलाला हे असतं म्हणून! साखर म्हणजे पोट सुटलेल्या बाप्यांचा आजार. ती सारखी माठाकडे जायची, आणि मी ओरडायची, "काहून इतकं पाणी पितेस गं?" माझ्या तोंडून 'काहून' निघालं की घरात सगळे समजतात, म्हातारी चिडली. अंथरूण ओलं व्हायला लागलं, त्यावरूनही तिला मीच बोलले. मग एक दिवस तिला श्वास लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला, आणि रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे कळलं. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज बाहेरून द्यायचं. दिवसातून चार वेळा, जन्मभर. डॉक्टरीणबाईंनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं, की मला आधी वाटलं काहीतरी चांगलंच सांगतायत.

बालवाडी तोवर सुटली होती, म्हणून घरात करायला मीच. मुलगा आयटीवाल्यांना ने-आण करणारी सुमो चालवायचा. त्याची पाळी संध्याकाळी सुरू होऊन सकाळी संपायची. सून खराडीला, जिथे मी आल्या आल्या ज्वारी उभी पाहिली होती, तिथल्या काचेच्या इमारतीत साफसफाईला. ती काच पुसायची, तो काचेआडच्या लोकांना घरी सोडायचा. सगळं पुणं त्या वर्षांत असंच कुणाच्या ना कुणाच्या तरी पाळीवर चालायला लागलं होतं. तर सुई टोचायला मी शिकले. फ्रिज नव्हता, म्हणून मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, आणि त्यात इन्सुलिनची बाटली. सिस्टरनीच दाखवलं होतं तसं. उन्हाळ्यात त्या वाळूला दिवसातून तीनदा पाणी पाजायचं. सून म्हणायची, "आई, आपण माणसांपेक्षा मडक्याला जास्त पाणी देतो."

सकाळचं, संध्याकाळचं आणि झोपतानाचं इंजेक्शन घरी होई. प्रश्न होता दुपारच्या इंजेक्शनचा.

शाळा अकराची, मोठी सुट्टी पावणेदोनला. सुई जेवणाच्या अर्धा तास आधी टोचायची. म्हणजे मला एकला घर सोडायला हवं. उतार उतरायचा, मोठा रस्ता ओलांडायचा, सव्वाला शाळेत. तिथे तिला वर्गातून बाहेर काढायचं आणि नकाशे, लेझीम, मोडकी बाकं ठेवायच्या खोलीत नेऊन टोचायचं. मुख्याध्यापिका रोज एकच वाक्य बोलायच्या, "आजी, वर्ग चालू असताना आपण येता, मुलांचं लक्ष जातं." मीही रोज तेच उत्तर द्यायची, "हो ना बाई, मीपण हेच सांगते तिच्या साखरेला." मग तो चढ चढून परत. एप्रिलच्या उन्हात तो चढ म्हणजे काय ते माझ्या गुडघ्यांना विचारा. आणि इतकं करूनही ती पडायचीच. कधी प्रार्थनेला, कधी कवायतीला. साखर एकदम खाली यायची आणि पोर घामानं थबथबून आडवी. शाळेनं सांगून टाकलं होतं, आणखी दोन-तीनदा असं झालं तर घरी बसवा, आमच्यावर जबाबदारी नको.

महिन्यातून एका बुधवारी डॉक्टरीणबाई फक्त लहान मुलांना तपासायच्या. त्या दिवशी गरीब-श्रीमंत एकाच बाकावर, कारण बाकच एक होतं. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस अस्सल पुणेरी. मी एकदा दमून फलकाला पाठ लावून उभी राहिले तर म्हणाला, "आजी, तो फलक वाचायला लावलाय, टेकायला नाही."

त्या बाकावरच आम्हाला पहिल्यांदा पंप दिसला. नातीच्याच वयाची एक मुलगी. तिचे वडील हिंजवडीला मोठ्या कंपनीत, आई बँकेत. मुलीच्या कमरेला पेजरसारखी डबी आणि तिच्यातून बारीक नळी फ्रॉकच्या आत गेलेली.

नातीनं तिला सरळच विचारलं, "हे काय आहे?"

"माझा पंप. याच्यातून इन्सुलिन आपोआप जातं. जेवायच्या आधी फक्त बटण दाबायचं."

"आणि टोचत नाहीत?"

"तीन दिवसांनी एकदा. नळी बदलताना."

नात माझ्याकडे बघायला लागली. बोटांवर काहीतरी मोजत होती. तीन दिवसांच्या बारा सुया. मीही तेच मोजत होते, फक्त माझ्या मोजण्यात तीन दुपारचे चढ होते.

त्या मुलीची आई बोलकी होती. "अहो, बरं पडतं हो, पण टेन्शनपण तेवढंच. नळी अडकली की साखर वर. बोटाला टोचून तपासणं काही चुकत नाही. आणि त्या नळ्या, त्या डब्या, दर महिन्याला लागतात. आम्हाला जमतं म्हणून." शेवटचं वाक्य बोलून ती जराशी खाली बघायला लागली. चांगली बाई होती.

त्यानंतर काही महिन्यांनी सिस्टरनी सांगितलं, एक ट्रस्ट दोन मुलांना पंप देणार आहे. एक वर्षाच्या नळ्याही देणार. "तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी आणा. रोजच्या चार वेळच्या. नीट ठेवा हं आजी, नोंदी बघूनच ठरणार आहे."

नीट ठेवा. मला बाई इतकं सांगितलेलं पुरे होतं.

घरी खिळ्याला दोरीनं बांधलेली वही होती, तिच्यात मी रोजची साखर टिपायची. हळदीची बोटं, वरणाचे डाग, कुठे पानाला तेल. ती माझी कच्ची वही. आणि तिच्यातले आकडे म्हणजे काय सांगू? सकाळी छप्पन्न, संध्याकाळी तीनशे चाळीस. दुसऱ्या दिवशी नव्वद, मग चारशेच्या वर. शिवाय चार वेळा बोट टोचून तपासायला त्या छोट्या मशीनच्या पट्ट्या कुठून आणायच्या? एका वेळेला एक पट्टी जाते. आम्ही दोनदाच तपासायचो, महिना संपत आला की एकदाच. म्हणजे निम्मी घरं रिकामी.

मी नवी दोनशे पानी वही आणली. लाल पेनानं रेघा मारल्या, चार रकाने आखले आणि सूनबाईंना म्हटलं, आता मला कुणी हाक मारू नका. पंधरा दुपारी बसले असेन. छप्पन्न होतं तिथे सत्त्याण्णव केलं. तीनशे चाळीस होतं तिथे एकशे ऐंशी. रिकाम्या घरांत शोभतील असे आकडे भरले. सगळेच सारखे नकोत म्हणून मधूनच एखादा दोनशे वीस ठेवला, एवढी अक्कल बालवाडीनं दिली होती. मनात एकच होतं. पंप इतका महागाचा, तो कुणाच्या घरी देतील? जिथे मुलीची काळजी घेतात, जिथे वही स्वच्छ आहे, तिथे. गबाळ्या घरात कोण देईल?

ठरलेल्या बुधवारी बाकावर बसल्या बसल्या त्या बोलक्या आईनं वही चाळली. म्हणाली, "बापरे आजी! पंप असूनसुद्धा आमच्या हिचे आकडे इतके छान कधी येत नाहीत." मला काय वाटावं? मी पदर सावरून ताठ बसले. ती कौतुकानं नाही, नवलानं बोलली होती, हे तेव्हा कळायला हवं होतं.

आत डॉक्टरीणबाई आणि ट्रस्टचे एक गृहस्थ. गृहस्थ अगदी सभ्य, सारखे 'आपण, आपण'. "आपल्याकडे फ्रिज आहे का?" मी मडक्याचं सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहिलं. "घरात शिकलेलं कोण?" मी म्हटलं, "वही मीच लिहिली आहे." डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली आणि हसल्या, "वह्या वाचून वाचून माझा चष्मा दोनदा बदलला आजी, पण अशी वही नाही पाहिली." रक्ताचीही एक तपासणी झाली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. तीही ठीकच आली. आता साखर एकदा पाताळात आणि एकदा आकाशात गेली, तर सरासरी मध्येच येणार ना. ते मला पुढे कळलं.

आठ दिवसांनी नावं लागली. एक पिरंगुटकडची मुलगी, एक भोसरीचा मुलगा. आमचं नाव नाही.

मी नातीला घेऊन तशीच आत गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो आजी, वाईट कशाला वाटून घेता? आनंदाची गोष्ट आहे ही. हिचं इंजेक्शनवर इतकं सुरेख चाललंय. ज्या मुलांची साखर उड्या मारते, जी चक्कर येऊन पडतात, त्यांना आधी पंप द्यायला नको का?"

मी काही बोलायच्या आत नात म्हणाली, "मीपण पडते."

"कधी गं?"

"सारखी. झेंड्याच्या दिवशी पडले. त्याच्या आधी प्रार्थनेला दोनदा."

डॉक्टरीणबाईंनी वही पुन्हा ओढली. झेंड्याचा दिवस काढला. माझ्या सुबक अक्षरात तिथे एकशे दहा होतं. त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "आजी?"

मी म्हटलं, "ती कच्च्या वहीत आहे. खरी साखर."

"म्हणजे ही खोटी?"

"खोटी नाही हो. पक्की."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजी, मी काय तुमची तपासणीला येणारी बाई आहे? मला आजार दाखवायचा असतो. तुम्ही तो इस्त्री करून आणलात." मग म्हणाल्या, त्या दोन मुलांना आज सकाळीच पंप लावून झाले, आता त्यांच्या अंगावरून काढता येत नाहीत. ते मलाही नकोच होतं. कुणाच्या पोराचं काढून आमच्या पोरीला?

रिक्षा केली नाही. पुलावरून चालतच निघालो. निम्म्या वाटेत नात म्हणाली, "आजी, तू माझे आकडे बदललेस?"

"तुझ्यासाठीच गं."

"मी गणितात असं केलं तर बाई फुली मारतात."

घरी जाऊन मी सुनेला सांगितलं. वाटलं ती बोलेल चार शब्द, तिचा हक्कच होता. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आई, तुम्ही जेवून घ्या." बस, एवढंच. मुलगा झोपेतून उठला, ऐकलं, आणि तोंड धुवून गाडीवर गेला. आमच्या घरात भांडायलासुद्धा कुणाकडे वेळ नव्हता त्या दिवसांत.

त्या रात्रीपासून मला बालवाडीतली एक पोर आठवायला लागली. बारीक काड्यांसारखे पाय. ज्या मुलांचं वजन फारच कमी त्यांना संस्थेकडून अंडं आणि दूध मिळायचं. तिचं नाव पक्क्या वहीत कधी त्या यादीत आलं नाही. माझ्या अक्षरानं तिला अर्धा किलो वर उचललं होतं. ती पुढे कुठे गेली, मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रस्टनं आणखी एक पंप द्यायचं ठरवलं. एकच. या वेळी मी कच्ची वही घेऊन गेले. होती तशी, दोरीसकट. तेच गृहस्थ. त्यांनी दोन बोटांनी पान उलटलं.

"हे... हळद आहे का?"

"हळद आहे. पण आकडे खरे आहेत साहेब."

"निम्म्या नोंदीच नाहीत आपल्या." ते डॉक्टरीणबाईंकडे वळून इंग्रजीत काही बोलले आणि मग मला समजावं म्हणून मराठीत म्हणाले, "बघा, यंत्र नाजूक असतं. घरात शिस्त हवी, रोज चार वेळा तपासणं हवं, फ्रिज हवा. नाहीतर चांगली वस्तू वाया जाते. आपण वाईट वाटून घेऊ नका."

डॉक्टरीणबाईंचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला मी. "अहो, त्या तपासत नाहीत कारण पट्ट्या नाहीत! शिस्त नाही म्हणून नाही. एक बाई गेली दोन वर्षं रोज दुपारी उन्हात चालत जाऊन सुई टोचते, यापेक्षा काय शिस्त दाखवायची?"

गृहस्थ खाली बघून म्हणाले, "मला वर उत्तर द्यावं लागतं मॅडम."

मला त्यांचा राग येईना, हीच पंचाईत. त्यांच्याही वर कुणीतरी भुवया उडवणारं होतं. त्यांनाही पक्की वही दाखवायची होती.

वही स्वच्छ होती तेव्हा आम्हाला गरज नव्हती, आणि वही खरी होती तेव्हा आमची लायकी नव्हती. पंप दुसऱ्या कुणाला मिळाला. कुणाला ते मी विचारलंच नाही. थकले होते मी.

एक झालं. डॉक्टरीणबाईंनी भांडून त्याच ट्रस्टकडून नातीला दर महिन्याला पट्ट्या मिळवून दिल्या. दिवसाला चार. मी सिस्टरना म्हटलं, "मागितला काय आणि मिळालं काय." त्या म्हणाल्या, "आजी, घ्या, नाहीतर याही जातील." घेतल्या. पट्ट्या आल्यावर साखर खाली जाताना आधीच कळायला लागलं. पोर बिस्कीट खाऊन सावरायला लागली. पडणं कमी झालं, बंद नाही.

आणि एका दुपारी मी सव्वाला शाळेत पोचले, तर ती नकाशांच्या खोलीत आधीच बसलेली. सकाळी निघताना मडक्यातली दुसरी बाटली आणि सुई तिनं गुपचूप दप्तरात टाकली होती, ओल्या रुमालात गुंडाळून. फ्रॉक वर केला, पोटाची चिमूट धरली, आणि माझ्याकडे न बघता टोचून घेतलं. नऊ वर्षांची. मग म्हणाली, "आता उद्यापासून तू येऊ नकोस. तुझे गुडघे दुखतात आणि मुलं हसतात." दोन्ही कारणं खरी होती. तिनं त्यातलं एकही लपवलं नाही.

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी एक वाजता माझे पाय आपोआप चपलेत गेले. पुन्हा काढले. वाळूला पाणी घातलं आणि बसून राहिले. दोनपर्यंत काही सुचलं नाही.

खिळ्याला आता नवी वही आहे, तिच्यात तीच लिहिते. अक्षर अगदी वेडंवाकडं, बापाच्या वळणावर गेलेलं. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी तिनं शाळेतून आल्यावर स्वतः तपासून आकडा लिहिला, तीनशे बारा. तिनाचं शेपूट खालच्या रेघेवर गेलं होतं. ती खेळायला गेली. मी वही हातात घेतली. पेन तिथेच दोरीला लटकत होतं. माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू? तीनशे बाराचं दोनशे बारा करायला तिनाचं एक वळण गिरवून बुजवलं की पुरे.

वही मिटून खिळ्याला लावली आणि तिला हाक मारली. तीनशे बारा म्हणजे रात्रीचा डोस वाढवायला हवा होता, आणि किती ते आम्हा दोघींनाही नीट येत नव्हतं. कोपऱ्यावरच्या पीसीओवर जाऊन सिस्टरना विचारावं लागणार होतं.